श्ट्राइफ : कोंबड्याच्या तुऱ्यावरून दोन मिनिटांत खाली

हिमरेघ

मंडळी, बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. आज बसलेच.

गेली अकरा वर्षं मी म्युनिकला राहते. नोव्हेंबर सरला की इथे बोलण्यात बर्फ येतो, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात एका शनिवारी सकाळी साडेअकराला सगळे टीव्हीपुढे बसतात. आमच्या घरमालकीणबाई ऐंशी ओलांडलेल्या. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातला रेडिओ बंद करतात, गुडघ्यांवर शाल घेतात आणि मला वरून हाक मारतात. शर्यत असते ऑस्ट्रियात, टिरोलमधल्या किट्झब्यूएल गावी. डोंगराचं नाव हानेनकाम, म्हणजे कोंबड्याचा तुरा. त्या तुऱ्यावरून थेट गावात उतरणाऱ्या वाटेचं नाव श्ट्राइफ. स्कीइंगच्या डाउनहिल प्रकारात, म्हणजे डोंगरावरून कमीत कमी वेळात खाली उतरायच्या शर्यतीत, जगातला सगळ्यात अवघड उतार कुठला, असं कुठल्याही शर्यतपटूला विचारा, बहुतेकांच्या तोंडी हेच नाव येईल.

आकडे आधी सांगून टाकते. सुरुवात १,६६५ मीटरवर, शेवट ८०५ मीटरवर. म्हणजे ८६० मीटर खाली. आपला रायगड समुद्रसपाटीपासून जेवढा उंच आहे, त्याहून थोडं जास्तच. वाटेची लांबी ३,३१२ मीटर. फ्रिट्झ श्ट्रोब्लने १९९७ मध्ये हे अंतर १ मिनिट ५१.५८ सेकंदांत कापलं. हिशेब केला तर सरासरी वेग ताशी जवळजवळ १०७ किलोमीटर येतो. ही सरासरी आहे. खालच्या टप्प्यात माणूस ताशी १४० च्या घरात असतो, तेही दोन फळ्यांवर, अंगात पातळ सूट घालून.

मी ही शर्यत आठ-नऊ वर्षं टीव्हीवर पाहिली होती. गेल्या जुलैत त्या उताराच्या कडेकडेने पायी उतरले. तेव्हा जे पाहिलं ते सांगण्यासाठी हा धागा.

केबलकारने वर गेलं की शर्यत सुटते ती लाकडी खोली लागते. तिच्या दाराशी उभी राहिले. समोर खोल दरी, दरीत गाव आणि पलीकडे किट्झब्यूहेलर हॉर्न डोंगर. पायाखालचा उतार थोडं अंतर दिसतो आणि मग संपतोच. पुढे काय आहे ते दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या जागेचं नाव माउझफाले, उंदराचा सापळा. सुटल्यापासून आठेक सेकंदांत खेळाडू तिथे पोचतो आणि तोवर वेग शंभरच्या पुढे गेलेला असतो. तिथे जमीन पायाखालून निघून जाते. उताराचा सगळ्यात तीव्र भाग तो, ८५ टक्के. खेळाडू हवेत बऱ्याच लांबवर जातो आणि जिथे उतरतो तिथे जमीन एकदम वर उचलल्यासारखी येते. सगळा भार मांड्यांवर. लगेच वळण.

उन्हाळ्यातली पायवाट इथे उताराला बगल देऊन जाते. मी मात्र कडेला जाऊन दहा-बारा पावलं सरळ उतरायचा प्रयत्न केला. चौथ्या पावलाला खाली बसले. गवताचे झुबके मुठीत धरून, टाचा रोवत, पाठ जमिनीला टेकवत उतरावं लागलं. गवत दवाने ओलं होतं. हाच उतार जानेवारीत पाणी मारून काचेसारखा केलेला असतो. बराच वेळ मी तिथेच बसून राहिले. टीव्हीवरचा कॅमेरा उतार चपटा करून दाखवतो हे ऐकलं होतं; किती चपटा, ते त्या ओल्या गवतात बसल्यावर कळलं.

त्यापुढे श्टाइलहांग, शब्दशः ‘उभा उतार’. माझ्या मते शर्यत खरी ठरते ती इथे. कारण यानंतर ब्र्युकेनशुस नावाचा बराच सपाट भाग येतो. श्टाइलहांगमधून जो जितका वेग घेऊन बाहेर पडेल, तितकाच तो त्या सपाटीवर वापरू शकतो. तिथे नवा वेग मिळत नाही. म्हणून प्रत्येक जण श्टाइलहांगच्या बाहेर पडताना जाळीच्या अगदी जवळून जातो. एक वीत इकडे-तिकडे झालं की सपाटीवर अर्धा सेकंद जातो. मग ग्शॉस, आल्टे श्नाइझे, झायडल्आल्म, लेर्शेनशुस. ही नावं पाठ करून ठेवा, यातली बरीचशी कुणाच्या तरी कुरणाची, झाडांची, गोठ्याची नावं आहेत. झायडल्आल्मला मी ताक प्यायले, शेजारच्या कुरणात गाई चरत होत्या.

आणि शेवटी हाउसबेर्गकांटे. दीड मिनिट झालेलं, मांड्यांत आग पेटलेली, आणि तेव्हा पुन्हा एक कडा. उडी, मग दाब, म्हणजे उतरताना सगळा भार मांड्यांवर, आणि लगेच डोंगराच्या पोटावरून आडवं जायचं. उतार बाजूला खाली ओढत असतो आणि खेळाडू वर टिकून राहायला धडपडत असतो. जमीन खडबडीत, पाय थरथरत असतात, आणि खाली हजारो लोक ओरडत असतात. तिथून सरळ अंतिम रेषेकडे, सगळ्यात जास्त वेगात.

वाटेवर विश्रांतीची जागा नाही असं म्हणणार होते, पण खरं तर आहे, ब्र्युकेनशुस. पण तिथे विश्रांती घेणारा हरतो.

बाकी इतिहास प्रतिसादांत बोलू. कुणी पाहिलीय का ही शर्यत?

नेरळकर

जबरदस्त! मी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला माणूस, पण सह्याद्रीत तीस वर्षं भटकलोय. ८५ टक्के म्हणजे किती हो? ८५ अंश असेल तर तो कडाच झाला, दोर लावल्याशिवाय उतरता येणार नाही.

हिमरेघ

नेरळकर, टक्के आणि अंश वेगळे. १०० मीटर आडवं गेल्यावर ८५ मीटर खाली, हे ८५ टक्के. अंशात ते साधारण ४० होतात. तुम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला असेल तर ४० अंश पायांना काय वाटतात ते तुम्हाला सांगायला नको. तिथे निदान दगडांना हात लावता येतो.

पूर्ण वाटेची सरासरी २७ टक्के आहे. काही ठिकाणी तर जेमतेम २ टक्के. हा चढउतारच श्ट्राइफचं वैशिष्ट्य.

देवदारवन

मी औलीला चौदा दिवसांचा बेसिक कोर्स केलाय, त्या भांडवलावर थोडं लिहिते. पहिले तीन दिवस आम्हाला फक्त पडायला आणि उठायला शिकवलं. मग फळी आडवी करून थांबायला. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादी पट्टी असते, ती बर्फात रुतवली की वळता येतं, थांबता येतं. मऊ बर्फात हे सोपं. एकदा सकाळी रात्रीच्या थंडीने उतार कडक झाला होता, तेव्हा माझी कड पकडच घेईना. नखाने स्टीलचं ताट खरवडावं तसा आवाज आला आणि मी वीस मीटर पाठीवर घसरत गेले. उतार होता जेमतेम पंधरा अंशांचा.

शर्यतपटूंना मात्र बर्फ कडकच हवा असतो. मऊ बर्फ असेल तर पहिले दहा जण उतरेपर्यंत चर पडतात आणि मागून येणाऱ्यांवर अन्याय होतो. म्हणून वाटेत पाणी सोडून ती गोठवतात. आपण ज्याला घाबरतो तेच त्यांना न्यायाचं वाटतं, याचं मला फार अप्रूप आहे.

पुरुषांच्या डाउनहिलच्या स्की किमान २१८ सेंमी लांब असतात. आमच्या औलीच्या माझ्या खांद्याला लागत होत्या.

कॅलगरीकर

धागा पाहून राहवलं नाही. आमच्या गावचा विषय निघायलाच हवा!

हिवाळी खेळांत युरोपीय लोक कॅनडाला हॉकीपुरतंच धरायचे. डाउनहिल म्हणजे ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटली. सत्तरच्या दशकात इथली चार-पाच पोरं तिकडे गेली. केन रीड, डेव्ह इर्विन, डेव्ह मरे, स्टीव्ह पोडबोर्स्की, जिम हंटर. अंगावर येईल त्या वेगाने, पडलो तर पडलो अशा बेताने ती उतरायची. नाव पडलं ‘क्रेझी कनक्स’, म्हणजे वेडे कॅनेडियन. १९७५ च्या डिसेंबरात रीडने फ्रान्समध्ये व्हाल दिझेरची शर्यत जिंकली.

आणि मग श्ट्राइफ. १९८० ला केन रीड. १९८१ ला पोडबोर्स्की. १९८२ ला पुन्हा पोडबोर्स्की. १९८३ ला टॉड ब्रूकर. सलग चार वर्षं ऑस्ट्रियाच्या अंगणात कॅनडाचा झेंडा! रीड आमच्या कॅलगरीचा. मी इथे आलो १९९८ ला, तेव्हा माझ्या पहिल्या साहेबाने जेवणाच्या सुट्टीत हे मला असं सांगितलं होतं, जसं आपल्याकडे वडील त्र्याऐंशीचा वर्ल्ड कप सांगतात.

त्यानंतर बेचाळीस वर्षं काहीच नाही. २०२५ ला जेम्स क्रॉफर्ड जिंकला, दुसऱ्या क्रमांकाच्या स्विस अलेक्सी मोनेला आठ शतांश सेकंदांनी मागे टाकून. तिसराही कॅनडाचाच, कॅमरन अलेक्झांडर. इथे तेव्हा पहाटेचे तीन-साडेतीन वाजले होते. मी एकटाच जागा होतो, आवाज बंद करून पाहत होतो. शेवटी ओरडलोच, मुलगी दचकून खाली आली.

तिथल्या केबलकारच्या डब्यांवर विजेत्यांची नावं असतात म्हणे. हिमरेघ, तुम्हाला दिसली का?

हिमरेघ

दिसली! प्रत्येक विजेत्याच्या नावाचा डबा असतो. रांगेत उभं राहून आपल्या वाट्याला कोण येतंय ते पाहत बसायचं. लहान मुलं तर हव्या त्या नावासाठी चार डबे सोडून देतात. मला दिदिए कुश मिळाला, आणि मी मनातून खूश झाले, कारण श्ट्राइफची डाउनहिल सर्वांत जास्त वेळा, पाचदा, जिंकलेला तोच. १९९८, २००८, २०१०, २०११, २०१२. पहिल्या आणि पाचव्या विजयात चौदा वर्षांचं अंतर. शेवटच्या वेळी तो ३७ वर्षांचा होता. दोनच दिवस आधी त्याने निवृत्ती जाहीर केली होती.

अस्थिदीप

लेख सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला या खेळाबद्दल मनापासून राग आहे आणि तो मांडतो.

मी अस्थिशल्यचिकित्सक. वीस वर्षं अपघाताचे रुग्ण पाहतोय. ताशी १२० च्या वेगाने माणूस आपटतो तेव्हा हाडांचं काय होतं ते मला रोज दिसतं. गाडीला निदान पत्रा असतो. तुमच्या धाग्यानंतर मी श्ट्राइफवरचे अपघात पाहायला बसलो आणि तिसऱ्या व्हिडिओला बंद केलं. गुडघ्याचे अस्थिबंध असे पिळवटतात की ते पुन्हा पूर्वीसारखे कधीच होत नाहीत. डोक्याच्या दुखापतीबद्दल तर बोलायलाच नको. पन्नास हजार लोक हे पाहायला जमतात, टाळ्या वाजवतात. पाहणाऱ्यांना पडझड पाहायची असते, असं मला वाटतं. हा खेळ अशा उतारावर खेळवलाच का जावा?

हिमरेघ

अस्थिदीप, तुमचा राग समजतो. नीट उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

अपघात झालेत, आणि भयंकर झालेत. १९८७ ला टॉड ब्रूकर, म्हणजे कॅलगरीकरांनी सांगितलेला १९८३ चा विजेता, याच उतारावर असा पडला की त्याची कारकीर्द तिथेच संपली. १९८९ ला कॅनडाचाच ब्रायन स्टेमल श्टाइलहांगमधून बाहेर पडताना जाळीकडे ओढला गेला, स्कीचं टोक जाळीत अडकलं आणि कंबरेचं हाड उघडलं गेलं. तो जगेल का याचीच शंका होती. १९९९ ला पॅट्रिक ऑर्टलीब हाउसबेर्गकांटेवर. तोही इथला माजी विजेता, आणि त्याचीही शेवटची शर्यत तीच. २००८ ला स्कॉट मॅकार्टनी शेवटच्या उडीवर, हेल्मेट डोक्यावरून निघून गेलं. त्याचा तिसावा वाढदिवस होता. पुढच्याच वर्षी त्याच उडीवर सरावात स्वित्झर्लंडचा दानिएल आल्ब्रेश्ट. तीन आठवडे बेशुद्ध. २०११ ला हान्स ग्रुगर माउझफालेवर, मेंदूवर तातडीची शस्त्रक्रिया. २०१६ ला हाउसबेर्गच्या दाबात एकाच दिवशी स्विंडाल, श्ट्राइटबेर्गर आणि राइशेल्ट असे तिघे पडले. प्रकाश मंदावला होता, तिसाव्या खेळाडूनंतर शर्यत थांबवली.

हे सगळं मी मुद्दाम एकाखाली एक लिहिलं, कारण तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना ते लपवणं बरोबर नाही.

आता दुसरी बाजू. स्टेमल ज्या जाळीत अडकला तशी जाळी आज नसते. उंच जाळीच्या खालच्या भागावर घसरतं आवरण असतं, स्की अडकण्याऐवजी सरकते. आल्ब्रेश्टच्या अपघातानंतर शेवटची उडी कमी उंचीची केली. प्रकाश कमी, वारा जास्त, धुकं असेल तर सुरुवात खालून करतात, कधी शर्यतच रद्द करतात. २०२४-२५ च्या मोसमापासून सुटाच्या आत एअरबॅग घालणं सक्तीचं आहे, आणि स्कीच्या धारेने चिरू नये असे आतले कपडेही. प्रत्येक बदलामागे कुणाचं तरी शरीर आहे, हे खरं आणि वाईट आहे.

प्रेक्षकांबद्दल मात्र तुमचं मत मी खोडते. मी दोन वर्षांपूर्वी हाउसबेर्गच्या खाली गर्दीत उभी होते. एक जण पडला. चाळीस-पन्नास हजारांचा तो गलका असा थांबला की वरच्या हेलिकॉप्टरचा आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला. माझ्या शेजारच्या बाईने ओळख ना पाळख माझा हात धरला. तो उठून उभा राहीपर्यंत सोडला नाही. ती पडझड पाहायला आलेली नव्हती.

अस्थिदीप

उत्तराबद्दल आभार. जाळीबद्दल माहीत नव्हतं. मत बदललेलं नाही, पण तुम्ही यादी लपवली नाहीत हे आवडलं.

जुईली

सगळा धागा एका दमात वाचला. काल रात्री २००४ चा व्हिडिओ पाहिला. इटलीचा क्रिस्टियान गेदिना शेवटच्या उडीवर हवेत दोन्ही पाय फाकवतो, लहान मुलं पाण्यात उडी मारताना करतात तसं! तेही ऐन शर्यतीत, १३० च्या पुढच्या वेगात. आणि उतरतो सरळ. सहावा आला. मी चारदा मागे नेऊन पाहिलं.

मिरजकर_आबा

मी १९७४ ते १९८६ स्टुटगार्टला एका यंत्रकारखान्यात होतो. आता वय ७८. हा धागा नातवाने वाचून दाखवला, प्रतिसादही तोच टंकतोय.

फ्रान्झ क्लामरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९७५, ७६, ७७ अशी सलग तीन वर्षं त्याने श्ट्राइफ जिंकली. १९७६ ला इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्ये पिवळा सूट घालून पाट्शेरकोफेलवरून तो असा उतरला की वाटेत दहा वेळा पडेल असं वाटलं, आणि सुवर्ण घेऊन उभा राहिला. आम्ही सगळे कँटीनमध्ये. जर्मन कामगारसुद्धा उभे राहिले होते.

मग त्याचे वाईट दिवस आले. जिंकणंच थांबलं. १९८० च्या ऑलिंपिकला तर त्याला ऑस्ट्रियाच्या संघातच घेतलं नाही. लोक म्हणाले संपला. आणि १९८४ च्या जानेवारीत, तिशीत, तो पुन्हा श्ट्राइफ जिंकला. चौथ्यांदा. स्कीइंगच्या वर्ल्ड कपमधला त्याचा तो शेवटचा विजय. त्या वर्षी मला कारखान्यात बढती नाकारली होती आणि मी परत यायच्या बेतात होतो. ती शर्यत पाहून आणखी दोन वर्षं राहिलो. दुसऱ्या वर्षी फोरमन झालो.

कुश पाचदा जिंकला हे खरं. माझ्यासाठी क्लामरच.

हिमरेघ

आबा, नमस्कार. तुमचा प्रतिसाद मी आमच्या घरमालकीणबाईंना भाषांतर करून सांगितला. त्या म्हणाल्या, “बरोबर बोलतात ते.” त्यांनी स्वतः मुलगी असताना टोनी झायलरला पाहिलंय. तो किट्झब्यूएलचाच, १९५६ च्या कोर्तिना ऑलिंपिकमध्ये अल्पाइनची तिन्ही सुवर्णपदकं जिंकणारा. पुढे बरीच वर्षं याच शर्यतीचा तो प्रमुख होता. गावातला मुलगा मोठा झाला आणि गावच्या जत्रेचा मानकरी झाला, असं आपल्याकडे म्हणतील.

शरयूतीरी

बाळबोध प्रश्न. हानेनकाम शर्यत आणि श्ट्राइफ एकच ना? आणि हे सगळं सुरू कुणी केलं? त्या गावात आधीपासून स्कीइंग होतं का?

हिमरेघ

बाळबोध अजिबात नाही, इथलेही गोंधळतात. हानेनकाम हे डोंगराचं आणि शर्यतीच्या सोहळ्याचं नाव. त्यात डाउनहिल, सुपर-जी (डाउनहिलहून जास्त वळणांची), स्लालम (जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत जायची) सगळं येतं. श्ट्राइफ ही त्यातल्या डाउनहिलची वाट. स्लालम शेजारच्या गान्स्लर्नहांगवर होते. पहिली हानेनकाम शर्यत १९३१ च्या मार्चमध्ये झाली, पण तेव्हा वाट दुसरी होती. श्ट्राइफवरून डाउनहिल पहिल्यांदा १९३७ ला झाली आणि थाडेउस श्वाब्ल जिंकला. मग युद्ध.

स्कीइंगचं म्हणाल तर फ्रान्झ राइश नावाच्या गृहस्थाचं नाव घेतात. नॉर्वेच्या नान्सेनने ग्रीनलंड स्कीवरून पार केलं, त्याचं पुस्तक वाचून यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या आणि १८९३ ला किट्झब्यूहेलर हॉर्नवरून खाली आले. सुटायच्या खोलीसमोर दिसतो म्हटलं ना, तोच डोंगर. हे गृहस्थ पुढे गावचे महापौरही झाले. १९२८ ला हानेनकामवर केबलकार आली आणि शर्यतीची सोय झाली. त्याआधी वर चढायलाच अर्धा दिवस जायचा.

आणि एक. मी ताक प्यायले ते झायडल्आल्म आठवतंय? १९६६ च्या जानेवारीत त्याच लाकडी घरात फ्रेंच पत्रकार सर्ज लांग, फ्रान्सचे प्रशिक्षक ओनोरे बोने आणि अमेरिकेचे बॉब बिटी बसले होते. वेगवेगळ्या गावच्या शर्यती एका माळेत ओवून मोसमभर गुण मोजावेत, ही कल्पना तिथे ठरली. पुढच्या वर्षी, १९६७ ला, स्कीइंगचा वर्ल्ड कप सुरू झाला. आज हा सगळा पसारा जगभर आहे, आणि त्याची सुरुवात झालेल्या अंगणावरूनच दरवर्षी खेळाडू उडी मारून जातात.

नेरळकर

बापलेक दोघे जिंकलेत असं कुणी आहे का? पैलवानांच्या घराण्यांसारखं.

हिमरेघ

आहेत! जर्मनीचा सेप फेर्स्टल १९७८ आणि १९७९ ला श्ट्राइफ जिंकला. चाळीस वर्षांनी, २०१९ ला, त्याचा मुलगा योझेफ फेर्स्टल किट्झब्यूएललाच सुपर-जी जिंकला. आमच्या बव्हेरियाचे असल्याने इथे त्या दिवशी बेकरीतसुद्धा तोच विषय होता.

अस्थिदीप

परत आलो. तुमच्या यादीतल्या राइशेल्टचं नाव शोधत गेलो. २०१४ ला हा माणूस कमरेची चकती सरकलेली असताना श्ट्राइफ जिंकला! लगेच शस्त्रक्रिया झाली, सोचीचं ऑलिंपिक हुकलं. आणि दोन वर्षांनी तोच हाउसबेर्गवर पडला.

डॉक्टर म्हणून सांगतो, चकतीचा तुकडा मज्जातंतूवर दाबतो तेव्हा पायाची ताकद जाते, कधी बधिरपणा येतो. माझे रुग्ण अशा वेळी पलंगावर कूस बदलू शकत नाहीत. मी त्याला वर जाऊच दिलं नसतं. पण आज दुपारी ओपीडी संपल्यावर तो व्हिडिओ पाहिला. हाउसबेर्गनंतरच्या आडव्या भागात त्याचा पाय कसा दाब घेतोय ते थांबवून थांबवून पाहत होतो. तीन वेळा पाहिलं. माझ्या नर्सने विचारलं, सर, कुठला रुग्ण आहे?

देवदारवन

डॉक्टर, म्हणजे आता जानेवारीत तुम्हीही टीव्हीपुढे असणार.

अस्थिदीप

असेन. राग ठेवूनच.

शरयूतीरी

आम्ही येत्या जानेवारीत लेकाकडे झुरिकला जातोय. आम्हा दोघांना, वय ६१ आणि ६५, प्रत्यक्ष पाहायला जमेल का? कुठे उभं राहावं?

हिमरेघ

शरयूताई, नक्की जमेल. पायांची तयारी ठेवा, उभं बरंच राहावं लागतं. किट्झब्यूएलला एक छोटं स्टेशन आहे, त्याचंच नाव ‘किट्झब्यूएल हानेनकाम’. उतरलं की केबलकारचं स्टेशन आणि शर्यतीचा शेवट चालत काही मिनिटांवर. शर्यतीच्या दिवशी गाड्या खच्चून भरतात, म्हणून आदल्या रात्री जवळच्या गावात मुक्काम करा आणि सकाळी आठच्या आत पोचा.

बूट एक नंबर मोठे घ्या, आत दोन मोजे. खालचा बर्फ तुडवून तुडवून गुळगुळीत झालेला असतो, म्हणून बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ते घ्याच. काकांना काठी असेल तर सोबत असू द्या.

अंतिम रेषेसमोर मोठा पडदा असतो, तिथून सगळं दिसतं आणि आराम वाटतो. पण निदान पंधरा-वीस खेळाडूंपुरतं हाउसबेर्गच्या पायथ्याशी, जाळीजवळ जाऊन थांबा. खेळाडू दिसायच्या आधी ऐकू येतो. आधी वरून लोकांचा गलका खाली सरकत येतो. मग स्कीच्या कडेचा आवाज, जाड करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. मग तो वरच्या कड्यावर दिसतो, आकाशाच्या पार्श्वभूमीवर एक ठिपका, आणि तुम्ही श्वास सोडायच्या आत समोरून गेलेला असतो. बर्फावर निळ्या रंगाच्या रेघा मारलेल्या असतात, खेळाडूला उतार कळावा म्हणून. तो गेल्यावर त्या रेघांवर स्कीने खरवडलेला चुरा उडून हळूहळू खाली बसतो. तो निळा चुरा बसेपर्यंत पुढचा वरून सुटलेला असतो.

शरयूतीरी

लेकाला फोन केला. तो म्हणाला, आई, तू आणि स्कीइंग? मी त्याला हा धागा पाठवलाय. त्यानेच मुक्कामाची खोली पाहिली, किर्शबेर्ग नावाचं गाव आहे, चालेल ना?

हिमरेघ

उत्तम. हानेनकामच्या दुसऱ्या बाजूचंच गाव, गाडीने काही मिनिटं. मीही तिथेच असेन त्या दिवशी. हाउसबेर्गखाली, जाळीपाशी, भगवी टोपी.